आवाज नको, शिंगं नकोत

नाही रे दादा, हा नको. हा घरघरतो. तुला नाही येत ऐकू, खाली रिक्षांचा गोंगाट, डोक्यावर तुझा हा मोठा पंखा, आणि तुझे कान या घरघरीला सरावलेले — पण मला येतं. थांब, पंखा बंद कर बघू जरा. दार पण ओढून घे. हां. आता लाव तो काँप्युटरचा बोर्ड पुन्हा. ऐकलंस? डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. आत्ता एवढासा वाटतो, पण घरात निजानीज झाली की हाच भुंगा केवढा होतो तुला सांगते, मिठागरात पाणी ओढायचं इंजिन असायचं ना, तेवढा होतो. तू म्हणतोस हा दणकट आहे, ह्याच्यावर गेम पण चालतात — अरे, गेम कोणाला खेळायचेत? जागृतीला फक्त टीव्हीला लावून व्हिडिओ बघायचेत. बसल्या जागी. तीच म्हणाली, कल्याणला आर्यनदादाकडेच जा, दुसऱ्या कोणाकडे जाऊ नको. मी म्हटलं, अगं ठाण्यात काय दुकानं ओस पडलीत? तर म्हणे नाही, दादाच. सुट्टीत तुझ्याकडे कामाला यायची ना ती, स्क्रू आवळायला, तारा जोडायला. नाव काढते हो तुझं. नात आहे माझी म्हणून नाही सांगत, पण केलेलं विसरत नाही पोर.

बसते. खुर्ची दिलीस बरं झालं, जिना केवढा उभा आहे तुझा. भगवान म्हणत होता, आई, तू गाडीत बस, मी जातो वर. भगवान म्हणजे माझा थोरला. पण गाडी लावायला जागा कुठे आहे इथे? शिवाजी चौकाला दोन फेऱ्या मारल्या, शेवटी म्हटलं तू फिरत राहा, मी उरकून येते, खाली आलास की हॉर्न दे. आणि तो वर येऊन मागणार काय होता? बाळकुमहून निघालो तेव्हापासून विचारतोय, ‘आई, वस्तूचं नाव काय सांगितलं तिने?’ कशेळीच्या पुलावर अडकलो तिथे विचारलं, दुर्गाडीला विचारलं. मी म्हटलं तू गाडी चालव, नाव माझ्याजवळ आहे. — काय म्हणालास? जागृती ना? बरी आहे. जरा अशक्तपणा आहे, म्हणून घरीच असते. फोन लागत नाही कारण फोन भगवानकडे आहे. डोळ्यांना त्रास होतो ना फोनने. तू केलेलास का? किती वेळा? बरं, बरं, सहज विचारलं.

लिहून नाही आणलेलं. मला कुठे वाचता येतं, आणि तिच्याजवळ लिहायला — जाऊ दे, तोंडी सांगितलं तिने. तोंडी सांगितलेलं माझ्याकडून सांडत नाही. मी धवलारीण आहे, ठाऊक आहे का तुला धवलारीण म्हणजे काय? तुझे वडील घाटावरचे ना, तुमच्यात नसेल. आमच्यात लग्नाला भटजी येतो तो उशिरा, त्याच्या आधी धवलारीण बसते. हळद दळायचं गाणं निराळं, मांडवाचं निराळं, नवरीला न्हाऊ घालायचं निराळं, आणि मी म्हटल्याशिवाय कोणी हात हलवायचा नाही. एक ओळ गाळली तर तिथेच काम थांबतं. ही सगळी गाणी म्हणजे धवले, माझ्या आत्याच्या तोंडून माझ्या तोंडात आलेले. कोलशेतपासून काल्हेरपर्यंत कोणाचं लग्न निघालं की आधी मला विचारायचे, सगुणा आजी त्या दिवशी मोकळ्या आहेत का, मग हॉल बघायला जायचे. तर जागृतीने काय करावं — तिने ते तुमचं इंग्रजी सगळं धवल्याच्या चालीवर बसवून दिलं मला. ऐक. आणि हसलास तर उठून जाईन.

सतरा बाय सतराचा मिनी आयटीएक्स गो,
प्रोसेसर वरतीच डकवलेला गो,
पंखा नको त्याला, कंगवा पुरे गो,
टीव्हीची एक वाट, डिस्कची एक वाट गो,
झाकण बोटाने उघडणारं गो,
वायफाय नको, शिंगं नकोत गो,
एम-टूची ई-की रिकामी ठेव.

शेवटची ओळ तर घोळवून घोळवून घेतली माझ्याकडून. जेवणाचं ताट घेऊन गेले की आधी ती ओळ, मग घास. ई-की रिकामी ठेव, ई-की रिकामी ठेव. अर्थ काय ते विचारू नकोस, मला नाही माहीत. धवल्यातल्या निम्म्या शब्दांचा पण मला अर्थ माहीत नाही, म्हणून काय मी गायची थांबले? लग्नं लागली ना सगळ्यांची. — का रे, काय झालं? चाल लागली का मनाला? आता कोणाला आवडत नाही, आता डीजे लागतो.

हां, आत आहे म्हणतोस तसला? आण, आण. मी काही पळून जात नाही.

अगं बाई! हा? एवढासा? पोळपाटाच्या पण निम्मा. आणि हा वरचा कंगवा, अ‍ॅल्युमिनियमचा, ह्याच्यातूनच गरमी निघून जाते? पंख्याशिवाय? बघ की, माझ्या आत्याची चूल पण इतकी साधी नव्हती. लाव. — लावलास? चालू आहे? कशावरून? हो, टीव्हीवर दिसतंय खरं. पण काहीच ऐकू येत नाही. हात ठेवू का? कोमट आहे. मांजर निजल्यासारखा. हा चालेल. असाच पाहिजे, की आत काही चालू आहे हे बाहेरच्याला कळू पण नये. म्हणजे — बाहेरच्याला त्रास नको. माझी खाट दाराबाहेर आहे ना.

नाही, तो बाजूचा नको, तो शिंगंवाला. बघितलं मी, मागे दोन शिंगं आहेत त्याला. भगवानने बजावून पाठवलंय, आई, बाकी तिला काय पाहिजे ते घे, पण शिंगं असलेलं काही घ्यायचं नाही, शिंगं हवेतून नेट ओढतात. घरातलं नेट तर त्याने काढूनच टाकलं, तो लुकलुकणारा डबा पण परत केला, तारच नाही आता भिंतीत. पण खाली आमच्या गाळ्यात कॉफीवाला आहे ना, भाडेकरू — त्याच्याकडे नेट फुकट. पोरं नुसती पायरीवर बसलेली असतात, एक कॉफी आणि अख्खी दुपार. जागृतीची खिडकी बरोबर त्याच्या पाटीच्या वर. म्हणून भगवान म्हणाला, शिंगं नकोत. त्याला कळतं रे सगळं, शाळेत नव्हतं कळत पण आता बिल्डरांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

आवाजाचं म्हणशील तर आधी होता एक काँप्युटर तिच्या खोलीत. जुना, मोठा, गोविंदाचा. गोविंदा माझा धाकटा, जागृतीचा बाप. गेला तो, तुला माहीतच आहे, तू आलेलास ना दहाव्याला, मी बघितलेलं तुला, पांढऱ्या शर्टात कोपऱ्यात उभा होतास. तर तो काँप्युटर रात्रंदिवस घुर्र घुर्र, आणि मी बाहेर खाटेवर. मला काय कळणार आत काय चाललंय? आजारी माणूस, ऐकायला नको? उठली, पाणी पाहिजे, खिडकीशी गेली. आणि ही बया त्या घुरघुरीच्या आडून खिडकीच्या ग्रिलचे स्क्रू काढत बसलेली, चमच्याने! तुझ्याकडेच शिकली ना स्क्रू. दोन निघालेले पण. मग भगवानने तो काँप्युटर उचलून नेला, चमचे पण मोजून — म्हणजे, चमचे आता मीच घेऊन जाते, मीच आणते.

असं बघू नकोस माझ्याकडे. दुसरा मजला आहे, पडली असती ना. कडी बाहेरून घातलेली बरी असते अशा वेळी, तिच्याच जिवासाठी. कोणीही घातली असती.

मग जेवणं सोडलं तिने. पहिल्या दिवशी वाटलं नखरे आहेत, दुसऱ्या दिवशी वाटलं हट्ट आहे, मग ताट तसंच्या तसं परत यायला लागलं आणि मला घास गिळवेना. बापाला सवय होती तशी भाताचा कोपरा करून खाते ती — तो कोपरा पण मोडलेला नसायचा. मी दाराशी बसून म्हटलं, बाय माझी, काय पाहिजे तुला, सही सोडून काहीपण माग. तर म्हणाली, बाबांचे व्हिडिओ बघायचेत. गोविंदा लग्नाचे व्हिडिओ काढायचा ना, हळदीचे, साखरपुड्याचे, खांद्यावर तोफेएवढा कॅमेरा घेऊन. सगळ्या कॅसेटी नंतर त्या काळ्या डबीत भरलेल्या आहेत — हार्ड डिस्क, हां, तीच. ती भगवानला पण माहीत आहे, त्यात काही वावगं नाही. अरे, त्यात गोविंदाचा चेहरा पण नाही कुठे. काढणारा तोच, मग तो कुठून दिसणार? नुसता आवाज आहे. ‘काकी, इकडे बघा. आई, तू गाताना मान खाली नको घालू.’ एवढंच. तेवढ्यासाठी पोर त्या जुन्या काँप्युटरवर रात्र रात्र लोकांच्या हळदी बघायची. आणि मी बाहेर खाटेवर पडून ऐकायचे. आई, मान खाली नको घालू. मेलेलं पोर बंद दारामागून हाक मारतंय — तुला नाही कळायचं ते.

तर ठरलं असं, की मी यंत्र आणायचं आणि तिने जेवायचं. बिनआवाजाचं पाहिजे ही माझी अट, बिनशिंगांचं पाहिजे ही भगवानची, बाकी सगळं तिचं. कीबोर्ड तारेवाला दे, साधा. आणि तुझा माणूस नको पाठवू घरी बसवायला, तू पण नको येऊस, ती बसवेल. किंवा तूच बसवून दे सगळं ह्या डब्यात. डिस्क तेवढी ती लावेल.

सही? मी कधी सही म्हटलं?

म्हटलं असेन. लपवायचं काय आहे त्यात, सगळ्या बाळकुमला ठाऊक आहे. कोलशेतला खाडीच्या बाजूला आमची खाजण जमीन आहे. आधी मिठागर होतं तिथे, माझे सासरे, आमचे मालक, सगळ्यांच्या टाचा तिथे फुटल्या मिठाने. आता तिथे टॉवर येणार. मालक गेले, दोन्ही पोरांची नावं लागली. गोविंदा गेला, त्याचा हिस्सा आला बायकोकडे आणि पोरीकडे. बायकोने, प्रमोदिनीने, हक्क सोडला. रडली, पण सोडला. आता मोहने गावात भावाकडे असते, आराम आहे तिला. फोन करते रोज. मी सांगते जागृती झोपलीय. किती झोपते हो, म्हणते. राहिली ही एक पोर. ही म्हणते, मी हक्कसोड देणार नाही, हे माझ्या बाबांचं आहे.

अरे, सगळ्या देतात! कोणत्या घरात देत नाहीत मला सांग? बहिणी देतात, आत्या देतात, कोणी हसत देते कोणी कुढत देते, पण ऑफिसात जाऊन देतात, मग भाऊ साडी नेसवतो, मटणाचं जेवण होतं, आणि माहेरचं दार उघडं राहतं गणपतीला. मी दिला ना. मी तर अंगठा दिला. काल्हेरला माझ्या बापाची जमीन, आता तिथे गोदामं झालीत, एवढाली, आज पण येताना पुलावरून उतरलो की बाजूने नुसते ट्रक. भावाने शाई लावली माझ्या अंगठ्याला. त्यानेच मनगट धरलं आणि दाबला कागदावर. मग हिरवी साडी नेसवली. नऊवारी, काठाची. ती साडी मी एकदा पण घातली नाही अंगावर. का म्हणजे? नाही घातली. रंग पटला नाही. — आणि ही कालची पोर, हिच्या न्हाणाचा धवला मी म्हटलाय, ही सरळ मान वर करून म्हणते नाही. ‘नाही’ असं! मला सांग, समजा ती नाही म्हणाली, आणि काही झालंच नाही. घर नाही पडलं, भाऊ नाही तुटले, जग चालू राहिलं. तर मग मी कशाला दिला? मी, माझ्या बहिणी, आमच्या आळीतल्या सगळ्या बायका, आम्ही कशाला अंगठे दिले? कोणी सांगेल मला? तू सांगशील?

पाणी दे. थंड नको.

तुला वाटत असेल म्हातारी कठोर आहे. मी नसते ना, तर पोरीला हे पण मिळालं नसतं. भगवानने पक्कं ठरवलंय, पितृपक्ष संपला, घट बसले की तिला सहीला न्यायची. गेली तर गेली. नाही गेली, तर त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, तो लिहून देतो म्हणालाय की बाप गेल्यापासून पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तिच्या वतीने भगवान बघेल सगळं. आणि तिला ठेवायची जागा पण बघून आलाय तो, कर्जतच्या पुढे कुठेतरी. बंगलाच आहे म्हणे, आंब्याची झाडं आहेत, बायका आहेत ठेवलेल्या. मला सांगत होता, आई, तिथे कसला म्हणून आवाज नाही. मी विचारलं, टीव्ही आहे का रे? म्हणाला, टीव्ही कशाला लागतो तिथे, औषधं देतात, झोपतात. म्हणून मी म्हटलं, मग आहे तोवर बघू दे तिला बापाचे व्हिडिओ. आजी आहे मी तिची. मला काय काळीज नाही?

उगाच नाही सांगत. बापाने घेऊन दिलेला लॅपटॉप होता तिच्याजवळ, तो भगवानने आपटला. एकदा नाही, आपटतच राहिला. मी केरसुणी घेऊन तुकडे गोळा केले. ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ मिटून, आणि एकच तुकडा मागितला तिने. टपालाच्या तिकिटाएवढी हिरवी पट्टी, कडेला सोनेरी दात, आणि केसासारख्या बारीक दोन काळ्या तारा तिला लोंबत होत्या. ‘आजी, एवढी राहू दे, बाबांची आठवण.’ दिली मी. भगवानला बोलले पण नाही. कुंकवाच्या डबीत ठेवलीय तिने, रोज उघडून बघते, पुसते, पुन्हा ठेवते. देवाचा टाक पुसावा तशी. मला भरून येतं बघ. बापाचा फोटो ठेवते माणूस, केस ठेवते, ही पट्टी ठेवते. शिकलेल्यांचं प्रेम पण निराळं.

चल, घाल मग डब्यात. झाकण बोटाने उघडतंय ना? बघू. हां, उघडतंय, छान टिचकीसारखं. तिने सांगितलेलं तसंच.

काय म्हणालास?

नाही, नाही, पुन्हा बोल. मोठ्याने बोल, आता पंखा पण बंद आहे.

ती पट्टी अजून तिच्याजवळच आहे ना, असं विचारलंस तू.

आहे. पण का रे?

का विचारलंस? मी इतका वेळ इथे बसून बोलतेय. कडी सांगितली, ग्रिल सांगितली, सही सांगितली, डॉक्टर, कर्जत, सगळं बोलून गेले — नको ते पण बोलून गेले — तू हूं की चूं केलं नाहीस. काउंटर धरून उभा होतास. पोरीने जेवण सोडलं म्हटलं तेव्हा तुझे डोळे भरले, मी बघितलं, पण शब्द नाही काढलास. आणि विचारलंस काय, तर तिकिटाएवढ्या पट्टीचं. आहे ना अजून, म्हणून. जीव टांगल्यासारखं विचारलंस.

काढ झाकण. काढ म्हणते ना. मला दाखव ती ई-की कुठली. मला वाचता येत नाही, बोट ठेव. ही? ही चपटी फट? आणि हे आत पिवळं पिवळं, हे दात बसायला? किती लांब असेल ती... तिकिटाएवढी. बरोबर तिकिटाएवढी. आणि दोन तारा. हवेतून नेट ओढणारी शिंगं बाहेर दिसायलाच पाहिजेत असं काही नाही, नाही का? आतल्या आत पण असू शकतात. केसासारखी.

बोलू नकोस आता. तुला खोटं बोलता येत नाही, नको बोलूस.

ताटाबरोबर गाऊन घ्यायची माझ्याकडून. एक घास, एक ओळ. मला वाटायचं, पोर माझं गाणं शिकतेय. मी खूश. बाहेर खाटेवर पडून पण मी तीच ओळ म्हणायचे, झोप लागेपर्यंत, सांडू नये म्हणून. आतून तिला ऐकू जात असेल. हसत असेल का रे ती? नसेल. मनात मोजत असेल, म्हातारी चुकली तर नाही ना. नाही चुकले बाय. एक अक्षर नाही चुकले.

आला भगवान. त्याचाच हॉर्न, तो असाच दाबून धरतो.

बांध हा. नाही, दुसरा नको, हाच. फट राहू दे रिकामी, तिने सांगितलं तसंच राहू दे, काही बुजवू नकोस. निरोप मी जसाच्या तसा पोचवला, वस्तू पण जशीच्या तशी पोचवीन. कुंकवाच्या डबीतल्या पट्टीचं मी बघते. ती आंघोळीला गेली की पाच मिनिटांचं काम. भगवानला सांगत नाही, घाबरू नकोस, भगवानला कळलं तर तो पितृपक्ष संपायची पण वाट बघणार नाही. तेवढं मी करीन तिच्यासाठी.

तो फोन ठेव खाली. मोहन्याला कोणाचा नंबर आहे तुझ्याजवळ? प्रमोदिनीचा? नाही ना? मग ठेव. काउंटरवर ठेव, मला दिसेल असा. आणि जिन्यापर्यंत यायची गरज नाही, पिशवी जड नाही, मी धरते. तू बस. मी खाली पोचेपर्यंत तू बसून राहा.

जागृतीला सांगेन, तुझ्या दादाने लगेच काढून दिला, जास्त काही विचारलं पण नाही. खूश होईल पोर. आज पोटभर जेवेल.